पडवीच्या लाकडाला ऑइल पेंट नको, झाडापासून मिळणारं काहीतरी लावायचंय. जवस, काजूचं तेल, राळ... कोणाला अनुभव?

पडवीवाला

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात आमचं जुनं घर आहे, पडवीचे खांब फणसाचे, दारं सागाची, वरचे वासे आणि रिपा त्या त्या वेळी जे लाकूड मिळालं त्याच्या. घरात आता आईवडील दोघंच असतात, मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. चार वर्षांपूर्वी मी हौसेने सगळ्या खांबांना प्रायमर मारून ऑइल पेंटचे दोन हात दिले. पहिलं वर्ष एकदम झकास, दुसऱ्या पावसात पापुद्रे सुटायला लागले आणि यंदा शिमग्याला गेलो तेव्हा दोन खांबांच्या पायथ्याशी चाकू सहज आत गेला. वरून रंग धड दिसत होता आणि आतून लाकूड भुसभुशीत झालेलं. हेच खांब आजोबांनी बसवलेले, साठ-सत्तर वर्षं उभे होते, त्यांना काही झालं नव्हतं.

आजोबा दर वैशाखात खांबांना आणि दारांना तेल लावायचे एवढं मला आठवतं. वास अजून नाकात आहे पण तेल कसलं ते वडिलांनाही नक्की सांगता येत नाही, "करंजाचं असेल" म्हणतात. म्हणून गेल्या वर्षी मी मागच्या दाराला करंजाचं तेल लावून बघितलं, तर ते सहा महिने चिकटच राहिलं, त्यावर धूळ बसून दार काळं झालं. पावसाचं पाणी सुरुवातीला ओघळून जायचं, गणपतीपर्यंत तेही बंद झालं.

मला प्लास्टिकसारखा थर नकोय. झाडापासून मिळणारं, पुन्हा लावता येईल असं आणि कोकणातल्या पावसात टिकेल असं काय लावावं? स्वतः करून बघितलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रेझिनवाला पुणे

पडवीवाले, मी सव्वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात रेझिन बनवायच्या विभागात होतो म्हणून जरा लांबण लावतो, पण हे एकदा डोक्यात बसलं की तेल निवडताना परत चूक होणार नाही.

तेलं दोन प्रकारची, सुकणारी आणि न सुकणारी. सुकणं म्हणजे पाणी उडून जातं तसं उडणं नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन जाळी तयार होते, म्हणून सुकल्यावर तेलाचं वजन उलट थोडं वाढतं. हे होण्यासाठी तेलात दुहेरी बंध, म्हणजे रेणू एकमेकांत गुंफले जातात त्या जागा, भरपूर लागतात, ते मोजायला आम्ही आयोडीन व्हॅल्यू काढायचो. जवसाची म्हणजे अळशीची १७० ते २००, करडईची १४०च्या आसपास, करंजाची आणि एरंडेलाची ८०-९०, खोबरेलाची १०च्या आसपास. साधारण १३०च्या वर असेल तर तेल सुकतं. तुमचं करंज चिकट राहिलं कारण ते सुकणारं तेलच नाही, वर्षभर ठेवलंत तरी ओलंच राहिलं असतं. त्याला कीड-वाळवीचं राखण म्हणून मान आहे पण एकट्याने ते पाण्याला अडवणारं कोटिंग होत नाही.

ऑइल पेंटचं म्हणाल तर दोष फक्त रंगाचा नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जाड थर तेवढा ताणला जात नाही, बारीक भेग पडते, भेगेतून पाणी आत शिरतं आणि मग तोच थर त्या पाण्याला बाहेर पडू देत नाही. बुरशीला अजून काय हवं. तेल लाकडाच्या आत मुरतं, वर जाड पापुद्रा बनत नाही, त्यामुळे निघून यायला काही नसतं. पण ते दर वर्षी किंवा वर्षाआड द्यावं लागतं. आजोबा दर वैशाखात लावायचे हे तुम्हीच लिहिलंय, माझ्या मते त्यांचे खांब टिकले त्यात निम्मं श्रेय या नेमाचं.

दर्याकाठ

आमचं घराणं होड्या बांधणाऱ्यांचं, देवगडकडचं. मी आता नोकरी करतो पण लहानपणी वडिलांच्या हाताखाली खूप काम केलंय. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासून भरायचा आणि वरून चंद्रूस तेलात वितळवून गरम गरम लावायचा. चंद्रूस म्हणजे झाडाचा डीकच, घट्ट पिवळसर खडे असतात, बाजारात राळ म्हणून काय काय मिळतं त्यातलाच एक प्रकार. नुसता चंद्रूस थंड झाला की काचेसारखा तडकतो म्हणून तेल घालायचं, आणि तेल किती हे माप कुठे लिहिलेलं नव्हतं, वडील काठीने एक थेंब पाण्यात टाकायचे आणि बोटांनी दाबून बघायचे, तडकला तर अजून तेल, बोटाला चिकटला तर अजून चंद्रूस. तेल बहुतेक उंडीचं असायचं, किनाऱ्यावर उंडीची झाडं आहेत ना, त्याच्या बियांचं. माशाच्या काळजाचं तेलही वापरायचे पण तुम्हाला झाडाचंच हवंय म्हणून ते सोडतो.

अजून एक सांगतो जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्याआधी होडी वर ओढून झापांनी शाकारून ठेवायचे, नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात घालायची नाही. म्हणजे एवढं सगळं लावूनसुद्धा लाकडाला वर्षातून काही महिने सुकायला द्यायचेच. तुमच्या खांबांवर पाऊस कुठून येतो ते आधी बघा, कौलाची पडाळ हातभर वाढवली तर निम्मं काम तिथेच होईल.

रेझिनवाला पुणे

दर्याकाठ, पाण्यातल्या थेंबाची परीक्षा वाचून फार आनंद झाला. आम्ही कारखान्यात वॉर्निश शिजवताना काचेवर थेंब टाकून हेच बघायचो. डिकाने कडकपणा आणि चकाकी येते, तेलाने लवचिकपणा येतो, जुन्या सगळ्या वॉर्निशांचं मूळ हे एवढंच आहे. उंडीचं तेलही जवसासारखं सुकत नाही पण राळेबरोबर ते मऊपणा देणारं म्हणून चालून जातं, आणि होडीला मऊच लेप हवा असतो. घराच्या खांबाला लोक टेकून बसतात, तिथे मऊ चालणार नाही.

चंदगडची लेक

काजूचं कोणीच कसं लिहिलं नाही अजून? आमच्याकडे माहेरी काजूचं छोटं युनिट आहे. बीच्या वजनातलं दोन तृतीयांशाहून जास्त टरफलच असतं आणि त्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यात काळपट तेल भरलेलं असतं, टरफलाच्या वजनाच्या पाव हिस्सा तरी. पूर्वी टरफलं भट्टीत जळणाला जायची, आता तेल काढणारे टेम्पो घेऊन येतात आणि टरफलं विकत नेतात. हे तेल ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि रंगांमध्ये जातं. आमच्या गोठ्याच्या मेढी बाबांनी गाडण्याआधी खालचे दीड-दोन हात याच तेलात बुडवून ठेवलेल्या, त्याला बारा वर्षं झाली, वाळवी शिवलेली नाही. शेजारच्या साध्या मेढी दोनदा बदलून झाल्या.

पडवीवाले तुमच्या कुडाळात तर काजूच काजू, घरचीच वस्तू आहे ही.

पडवीवाला

वा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या आजूबाजूला चार युनिटं आहेत. मग खांबांना सरळ टरफलाचं तेल ब्रशने लावलं तर? कच्चं लावायचं की उकळून?

माडाखालची

थांबा थांबा, आधी हे वाचा. मी सातवीत असताना ओल्या काजूच्या बिया हाताने सोलल्या, बोटांची कातडी सोलवटली इथवर ठीक होतं, पण तोच हात डोळ्याला लागला आणि आठ दिवस डोळे उघडत नव्हते. आजी ओरडून सांगायची, "हात लावू नको गो, उतात". बिब्बा उततो तसंच हे उततं. ज्यांना बिब्ब्याची किंवा आंब्याच्या चिकाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तर लांबच राहा. आईवडील म्हातारे आहेत आणि त्याच खांबाला टेकून बसणार आहेत, कृपा करून कच्चं तेल लावू नका.

रेझिनवाला पुणे

माडाखालची ताई म्हणतायत ते शंभर टक्के बरोबर. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, आणि जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकापासून उरुशी नावाचं लॅकर करतात तेही त्याच कुळातलं. ते लॅकर जगातल्या सगळ्यात टिकाऊ वनस्पतीजन्य कोटिंगांपैकी एक आहे, आणि ओलं असताना तितकंच जोरदार उततं. चिकात जे अंगावर उठतं त्याच जातीचं रसायन पुढे गुंफलं जाऊन घट्ट थर होतो, दोन्ही गुण एकाच रेणूचे.

काजूच्या कच्च्या तेलात ६० टक्क्यांच्या वर अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं, बाकी कार्डॉल आणि थोडं कार्डेनॉल. १८०-२०० डिग्रीला तापवलं की आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मुख्य माल कार्डेनॉल उरतो. कार्डेनॉलची रचना कोटिंगवाल्याला स्वप्नात दिसावी अशी आहे, एका टोकाला फिनॉलचं कडं, जे घट्ट चिकटतं आणि बुरशीला आवडत नाही, आणि त्याला १५ कार्बनची लांब तेलकट शेपटी, जी पाण्याला दूर ठेवते. पेट्रोलियमपासून असं काही बनवायचं तर किती पायऱ्या कराव्या लागतील, इथे ते झाडाने टरफलात भरून दिलंय. जहाजांच्या इपॉक्सी रंगांमध्ये याच्यापासून बनवलेला हार्डनर (रंग घट्ट करणारा घटक) वापरतात, तो थंडीत आणि ओलसर पत्र्यावरही सेट होतो म्हणून त्याला मागणी आहे.

पण घरी उकळायचं नाही म्हणजे नाही. तापवताना प्रचंड फेस येतो, उतू जाऊन पेट घेऊ शकतं आणि धूर डोळ्यांना, छातीला लागतो. कारखान्यातून प्रक्रिया केलेलं तेल मिळालं तरी लांब हातमोजे, गॉगल घालूनच काम करा, त्यातही अंगावर उठणारं कार्डॉल शिल्लक असतं. रंग गडद तपकिरी-काळा होणार, लाकडाचे रेषे दिसणार नाहीत. माझा सल्ला, जमिनीत जाणाऱ्या मेढी, कुंपणाचे खांब, वाशांची भिंतीत जाणारी टोकं अशा हात न लागणाऱ्या जागी काजूचं तेल, आणि माणसांचा वावर आहे तिथे जवस.

बॉनहून

मी जर्मनीत बॉनला असतो, कोटिंग्जमध्ये पीएचडी चालू आहे, धागा बघून राहवलं नाही. अळवावरचं पाणी आपण लहानपणापासून बघतो, म्हणीतही वापरतो, पण अळूच्या आणि कमळाच्या पानावर पाणी का थांबत नाही याचा नीट उलगडा इथल्याच विद्यापीठातल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या दोघांनी १९९७ साली मांडला. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यावर मेणाचे बारीक स्फटिक, थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. अळूच्या पानावर बोट जोरात घासून मग पाणी टाकून बघा, घासलेल्या जागी पाणी पसरतं कारण मेणाची रचना मोडली.

हे सांगायचं कारण, थेंब मोत्यासारखा उभा राहणं आणि आतलं लाकूड कोरडं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारातल्या कित्येक स्प्रेंनी थेंब सुंदर उभा राहतो पण घर्षण झालं की संपलं. झाडाचं पान मेण परत तयार करतं, लाकूड ते करू शकत नाही. कपड्यांवर, तंबूंवर हा परिणाम टिकावा म्हणून वर्षानुवर्षं फ्लोरीनवाली रसायनं वापरली गेली, ती निसर्गात विरत नाहीत, त्यातल्या पीएफओएस वर २००९ मध्ये आणि पीएफओए वर २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली जागतिक निर्बंध आले. त्यामुळे आता सगळे परत झाडांकडे वळलेत. ब्राझीलच्या ताडाच्या पानावरचं कार्नोबा मेण आहेच, इटलीत टोमॅटोच्या सालीतल्या क्युटिनपासून पत्र्याच्या डब्याला आतून द्यायचं लॅकर करून बघितलंय. आणि आपल्याकडे तांदळाच्या कोंड्याचं मेण! कोंड्याचं तेल शुद्ध करताना ते बाजूला निघतं, वितळायला जवळपास ८० डिग्री लागतात म्हणजे उन्हाळ्यात भिंतीवर पाघळणार नाही. जवसाच्या शेवटच्या हातात थोडं हे मेण घातलं तर वरचं पाणी लवकर ओघळतं, मी इथे लॅबमध्ये पाइनच्या फळ्यांवर करून बघितलंय. पण मेण सगळ्यात शेवटीच द्या, मेणावर नंतर तेल मुरत नाही.

बार्शीकर

करडईचं नाव वाचलं म्हणून लिहितो. आमच्याकडे विहिरीवर मोट होती तेव्हा चामड्याची मोट आणि नाडा याला करडईचं शिजवून काळं केलेलं तेल लावायचे असं आजोबा सांगायचे, खायचं ते वेगळं आणि हे वेगळं. तासन्‌तास पाण्यात आत-बाहेर करूनही चामडं कुजायचं नाही. आपण रंग-वॉर्निशला रोगण म्हणतो ना, कच्छमध्ये निरोणा गावात रोगन कलेवाले एरंडेल दोन-दोन दिवस उकळून घट्ट करतात आणि त्यात रंग घालून कापडावर काढतात, ते मी स्वतः जाऊन बघून आलोय. एरंडेल एरवी सुकत नाही पण इतकं शिजवल्यावर त्याचा चिकट गोळा होतो आणि कापडावर घट्ट बसतो, धुतलं तरी जात नाही. मेणकापड हा शब्दसुद्धा त्याच काळातला, प्लास्टिक यायच्या आधी कापडाला मेण नाहीतर जवसाचं तेल देऊनच पाणी अडवायचे.

करडई आता आमच्या भागात फार कमी पेरतात, काटे असतात, मजूर मिळत नाहीत. रंगासाठी भाव मिळाला तर लोक परत पेरतील असं मला मनापासून वाटतं. जवस जुनं झालं की पिवळं पडतं, करडई तेवढी पडत नाही, म्हणजे पांढऱ्या-फिक्या लाकडाला करडईच बरी.

शुभांगी वास्तु

जुनी घरं दुरुस्त करण्याचं काम करते, त्यातून काही गोष्टी सांगते. जवसाचं तेल खायचं आणायचं नाही, ते सुकायला आठवडे घेतं. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात, शिसं नाही ना ते डब्यावर बघून घ्या. पहिला हात अर्धं तेल अर्धं टर्पेंटाइन (तेही चीड झाडाच्या डिकापासूनच निघतं, मात्र दुकानात स्वस्तातलं पेट्रोलियमचं टेकवतात, विचारून घ्या), दुसरा हात टर्पेंटाइन कमी करून, तिसरा जवळपास नुसतं तेल. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी लाकडाने जे प्यायलं नाही ते फडक्याने पूर्ण पुसायचं. इथेच सगळे चुकतात, जास्त लावलं की जास्त टिकेल असं वाटतं आणि मग वर साय धरते. दोन हातांत तीन-चार दिवस जाऊ द्या. आणि खांबाच्या खालच्या कापलेल्या टोकाला पोटभर पाजा, लाकूड आडव्या अंगापेक्षा टोकाकडून कितीतरी पटीने पाणी ओढतं. तुमचे खांब पायथ्याशीच कुजलेत ते याचमुळे. खांबाखाली दगडी तळखडा आहे की नंतर कोणी सिमेंटचा कोबा वर चढवलाय? कोबा चढवला असेल तर तो आधी फोडा, नाहीतर कुठलंही तेल वाचवणार नाही.

जवस एकटं बुरशीला अडवत नाही, उलट ते बुरशीचं अन्न आहे. कोकणात हमखास काळे ठिपके येतात. म्हणून आधी कोरड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोनदा मारायची, पूर्ण वाळू द्यायचं, मग तेल. बोरॅक्स झाडाचं नाही, खनिज आहे, पण पावसाने ते धुपून जातं आणि तेलामुळे आत राहतं, म्हणून दोघांची जोडी लागते. चिऱ्याच्या भिंतीला मात्र यातलं काही लावू नका, तिला चुनाच द्या.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवस सुकताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटतं, काडी ओढावी लागत नाही. फिलाडेल्फियात १९९१ साली अशाच चिंध्यांमुळे ३८ मजली इमारतीला आग लागली आणि तीन अग्निशमन जवान गेले. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

पडवीवाला

शुभांगीताई, बरोबर ओळखलंत, दहा वर्षांपूर्वी आम्हीच पडवीला कोबा केला आणि तळखडे त्यात गाडले गेले. हे वाचून वडिलांना फोन केला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले उद्याच गवंड्याला बोलावतो.

पडवीवाला (गणपतीनंतर)

मंडळी, उशिरा लिहितोय पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं. एप्रिलमध्ये कोबा फोडला, तळखडे मोकळे केले. दोन खांबांचा खालचा कुजलेला हातभर भाग कापून किंजळीचा तुकडा सांधून घेतला, सुताराने फार सुंदर सांधा केलाय. जुना रंग पूर्ण खरवडला, यात आठ दिवस गेले. मग बोरॅक्स, मग जवसाचे तीन हात, शेवटच्या हातात राळ आणि कोंड्याचं मेण अगदी थोडं. मेण मिळवायला वेळ लागला, शेवटी साबण बनवणाऱ्या एका मैत्रिणीने दिलं. वाशांच्या भिंतीतल्या टोकांना काजूचं प्रक्रिया केलेलं तेल, मोजे-गॉगल घालून.

सोबत फणसाच्या चार सारख्या फळ्या करून मागच्या अंगणात उघड्यावर ठेवल्या होत्या, एक कोरी, एक करंजाची, एक जवसाची, एक काजूची. कोरी फळी काळी पडली, कडेने चिरली. करंजाची चिकट आणि शेवाळलेली, पण तिला कीड नाही. जवसाच्या फळीवर जुलैपर्यंत पाणी थेंबाथेंबाने ओघळायचं, ऑगस्टमध्ये ते पसरायला लागलं, बॉनहून म्हणाले तसंच, तरीही उचलून बघितली तर कोरीपेक्षा खूप हलकी होती आणि वाकली नव्हती. काळे ठिपके आले पण थोडे. काजूची फळी सगळ्यात घट्ट राहिली, फक्त उन्हाकडच्या बाजूचा रंग उडालाय.

पडवीतल्या खांबांना या वर्षी काहीही झालेलं नाही. आणि वास! वडील पहिला हात लावत होतो तेव्हा बाहेर आले आणि म्हणाले, "हाच. हाच वास. अळशीच होती ती, कणकवलीच्या बाजारातून पत्र्याच्या डब्यात आणायचे."

दर्याकाठ

खूप बरं वाटलं वाचून. आता वैशाखात परत एक हात द्यायचा, पातळ, विसरू नका. आणि फळ्या फेकू नका, तशाच अजून दोन पावसाळे ठेवा.

चंदगडची लेक

काजूच्या फळीचा उन्हाकडचा रंग उडाला म्हणालात, तिथे वरून जवसाचा हात देऊन बघाल का? बाबांना दाराच्या चौकटीसाठी विचारायचंय.

पडवीवाला

देतो. दिवाळीला जाणार आहे, त्या फळीचा अर्धा भाग जवसाने रंगवतो आणि अर्धा तसाच ठेवतो. पुढच्या पावसानंतर इथेच लिहीन.